मऊ दगडाच्या गोळ्यावर पुन्हा पुन्हा येणारा धूसरपणा: निदान आणि उपाय

कॅल्साइट, फ्लोराइट, संगमरवर किंवा ऑनिक्स (अकीकाच्या जातीचा नव्हे, कॅल्साइटचा) यांसारख्या मऊ दगडाचा गोळा आकारात व्यवस्थित येतो, घासण्याचे सर्व टप्पे क्रमाने पार पडतात, शेवटी टिन ऑक्साइड किंवा सिरियम ऑक्साइड लावून तो बराच वेळ फिरवला जातो आणि तरीही पृष्ठभागावर दुधाळ पडदा राहतो. कधी हा पडदा निघून गोळा चांगला चमकतो, पण आठवडाभरात पुन्हा मंदावतो. छंद म्हणून गोळे घडवणाऱ्यांकडून हीच तक्रार सर्वाधिक ऐकू येते, आणि तिच्यावर बहुतेक जण एकच उपाय करतात: पॉलिशची पावडर बदलतात. सिरियम चालले नाही म्हणून टिन, टिन चालले नाही म्हणून ॲल्युमिना, आणि शेवटी हिऱ्याची पेस्ट, असा हा प्रवास खर्चिक असून बहुधा व्यर्थ ठरतो. धूसरपणाचे मूळ शेवटच्या टप्प्यात क्वचितच असते. तो गोळ्यावर नेमका कोठे आहे, कोणत्या स्वरूपाचा आहे आणि केव्हा दिसू लागतो, या तीन गोष्टी नीट पाहिल्या तर दोष कोठे शिरला हे बहुतेक वेळा तेथेच कळते.

अकीक घासून हात बसलेल्या माणसाला मऊ दगड अधिक त्रास देतो, याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. अकीकाची कठिनता मोज यांच्या मापनश्रेणीत सुमारे ७ आहे, कॅल्साइटची ३ आणि फ्लोराइटची ४. घासण्यासाठी वापरले जाणारे कार्बोरंडम, म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, ९ च्याही पुढे जाते. अकीकावर कार्बोरंडमची सुटी पावडर फिरत असताना तिचे कण स्वतःही फुटत जातात, त्यामुळे ६०० नंबरची पावडर (नंबर जितका मोठा, तितके कण बारीक) टप्प्याच्या अखेरीस तिच्या नंबरापेक्षा बरीच बारीक झालेली असते आणि पुढच्या पॉलिशचे निम्मे काम आपोआप होऊन जाते. कॅल्साइट इतका मऊ असतो की त्याच्यावर हे कण फारसे फुटत नाहीत. ते पहिल्या क्षणी जितके टोकदार होते तितकेच शेवटपर्यंत राहतात, दगडात रुततात आणि लहान लहान खड्डे पाडत राहतात. म्हणून ‘याच क्रमाने अकीकाला आरशासारखी झिलई येते, मग यालाच का येत नाही’ या प्रश्नाचे उत्तर त्या क्रमातच दडलेले असते.

आधी पाहण्याची रीत

निदानासाठी दहापट भिंग, एक ट्यूबलाइट, वाटीभर पाणी आणि थोडे लिक्विड पॅराफिन एवढे साहित्य पुरते. पॅराफिन कोणत्याही औषधांच्या दुकानात मिळते.

गोळा धुऊन, पूर्ण कोरडा करून ट्यूबलाइटखाली धरावा. गोळ्यावर ट्यूबचे प्रतिबिंब एका बारीक पांढऱ्या कमानीसारखे पडते. या कमानीची कडा पाहावी, तिचा उजेड नव्हे. पॉलिश पूर्ण झाले असेल तर कडा धारदार दिसते. अपूर्ण असेल तर कडेवर धुक्याची झालर दिसते. येथे एक फसगत होते. अर्धवट घासलेला पृष्ठभागही तिरप्या कोनातून पाहिल्यास चकाकतो, त्यामुळे गोळा हातात फिरवताना कडेकडेने ‘चमक आली’ असे वाटते. म्हणून दिवा डोक्याच्या जवळ मागे ठेवावा आणि प्रतिबिंब गोळ्याच्या मधोमध, डोळ्यांच्या समोर पडेल असे पाहावे. तेथे ते धूसर असेल तर चमक आलेली नाही, मग कडेला कितीही लखलखाट असो.

त्यानंतर गोळा पाण्यात बुडवून बाहेर काढावा. ओला असताना पडदा नाहीसा झाला आणि वाळताच परत आला, तर दोष पृष्ठभागावरच्या बारीक खडबडीतपणात आहे, कारण पाणी ते खाचखळगे तात्पुरते भरून काढते. पाण्याने फरक पुरेसा कळला नाही तर पॅराफिनचे बोट फिरवावे. पॅराफिनचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याचे माप, सुमारे १.४७ आणि फ्लोराइटचा १.४३ असल्याने फ्लोराइटवरचे पृष्ठभागी दोष पॅराफिनखाली जवळजवळ अदृश्य होतात. तरीही काही पांढरे ठिपके किंवा पिसासारख्या रेषा उरल्या, तर त्या पृष्ठभागाखालच्या भेगा आहेत. त्यांवर कितीही पॉलिश केले तरी उपयोग नाही, तेवढा थर घासूनच काढावा लागतो.

पारदर्शक कॅल्साइटबद्दल एक सावधगिरी आवश्यक आहे. कॅल्साइटमधून जाणारा प्रकाश दोन किरणांत विभागला जातो, त्यामुळे स्वच्छ, निर्दोष गोळ्यातूनही मागची अक्षरे दुहेरी आणि अस्पष्ट दिसतात. हा दगडाचा स्वभाव आहे, पॉलिशमधला दोष नव्हे. गोळ्याच्या आरपार पाहून झिलईचा निवाडा करू नये. तो नेहमी प्रतिबिंबावरून करावा. आरपार पाहून पुन्हा पुन्हा बफ करत बसलेले लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्या चिकाटीचे कौतुकही वाटते, पण कॅल्साइट त्यांना दाद देणार नाही.

ठरावीक जागीच डाग असतील तर

उरलेला गोळा चमकतो पण काही गोल डाग धूसरच राहतात, हा सर्वांत रोचक आणि सर्वांत गैरसमज होणारा प्रकार आहे. दहिसरला राहणाऱ्या एका परिचितांनी जांभळ्या फ्लोराइटचा गोळा दाखवायला आणला होता. त्यांची खात्री होती की दगडच खराब आहे, ‘मध्येच कुजका’ आहे. त्यांना इतकेच सांगितले की, डाग मोजा आणि प्रत्येकावर मार्करने ठिपका द्या. आठ ठिपके झाले, आणि ते सगळे गोळ्याच्या आत बसवलेल्या घनाच्या आठ कोपऱ्यांसमोर होते. कुजका दगड इतका शिस्तीने कुजत नाही.

हे डाग पाटनाचे असतात. पाटन (क्लीव्हेज) म्हणजे स्फटिकाने ठरावीक दिशांच्या सपाट प्रतलांवर फुटणे. फ्लोराइट चार दिशांच्या प्रतलांना अनुसरून सहज फुटतो. गोळ्याला प्रत्येक दिशेचे प्रतल दोन विरुद्ध बिंदूंवर स्पर्श करते, म्हणून चार दिशांचे आठ बिंदू होतात. या बिंदूंपाशी गोळ्याचा पृष्ठभाग पाटनप्रतलाला समांतर असतो, आणि घासणारा कण दगड झिजवण्याऐवजी त्याचा पातळ पापुद्रा उचलतो. कॅल्साइटला पाटनाच्या तीन दिशा आहेत, त्यामुळे त्यावर असे सहा डाग येतात: स्फटिकाच्या मुख्य अक्षाच्या एका टोकाभोवती तीन आणि दुसऱ्या टोकाभोवती तीन, अक्षापासून सुमारे ४५ अंशांवर. आपल्याकडच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत मिळणाऱ्या अपोफिलाइटला पाटनाची एकच उत्तम दिशा असते, त्यामुळे त्याच्या गोळ्यावर समोरासमोर दोनच डाग दिसतात. स्टिल्बाइटचेही तसेच. थोडक्यात, डागांची संख्या आणि मांडणी दगडाच्या अंतर्रचनेशी जुळली की कारण सापडले असे समजावे. अर्थात हे एकसंध स्फटिकातून काढलेल्या गोळ्यालाच लागू आहे. अनेक कणांच्या संगमरवरात असा नकाशा मिळणार नाही.

पाटन टाळता येत नाही, पण त्याला चिथावणी देणे टाळता येते. सुटी पावडर पृष्ठभागावर गडगडत जाते आणि तिचा कण पाचरीसारखा पापुद्र्याखाली शिरतो. कागदावर किंवा पॅडवर घट्ट बसलेला कण मात्र घासत जातो. म्हणून मऊ, पाटनशील दगडासाठी ४०० नंबरच्या सुट्या पावडरीनंतर वॉटर पेपरकडे, म्हणजे पाणी लावून वापरायच्या घासकागदाकडे, वळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पेपरची अरुंद पाकळ्यांच्या आकाराची कापणी करून ती कपाच्या, म्हणजे गोळा ज्याच्या तोंडात धरून घासला जातो त्या फिरत्या नळकांड्याच्या, आतल्या कडेवर चिकटवता येते. कप पीव्हीसी पाइपच्या तुकड्याचा असला तरी चालतो. त्याच्या तोंडाचा आतला व्यास गोळ्याच्या व्यासाच्या सुमारे तीन चतुर्थांश असावा. मोटरचा वेग मिनिटाला १०० ते १५० फेऱ्यांपलीकडे नेऊ नये आणि गोळ्यावरचा दाब हाताच्या वजनाइतकाही नसावा. गोळा सतत वेगवेगळ्या दिशांनी वळत राहिला पाहिजे. दोन कपांच्या यंत्रावर तो एकाच अक्षाभोवती अडकून फिरू लागतो, तेव्हा एखाद्या डागावर बराच वेळ एकाच दिशेने घासले जाते. अशा वेळी यंत्र थांबवून गोळा हाताने फिरवून ठेवावा.

शेवटच्या टप्प्यात अशा दगडांसाठी नमद्यापेक्षा (फेल्टपेक्षा) चामडे बरे. नमदा मऊ असल्याने तो सैल पापुद्र्याच्या कडेखाली शिरतो आणि खड्ड्याच्या कडा गोलसर करून डाग अधिक पसरट करतो. ओलसर, जवळजवळ कोरडे होत आलेले चामडे आणि त्यावर ०.३ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ॲल्युमिना किंवा टिन ऑक्साइड, एवढ्यावर कॅल्साइटचे सहाही डाग बहुतेक वेळा जुळून येतात. फ्लोराइटचे आठही डाग पूर्ण जातील असे आश्वासन मात्र कोणी देऊ नये.

सर्व गोळ्यावर एकसारखा पडदा असेल तर

येथे बहुतेक वेळा नंबरांचा घोळ असतो, आणि तो मुंबईच्या बाजारात सहज होतो. नागदेवी स्ट्रीटवर कार्बोरंडमची सुटी पावडर मिळते, तेथेच वॉटर पेपर मिळतो, आणि दोहोंवर ‘६००’ लिहिलेले असते. दुकानदाराला विचारले तर तो म्हणतो, “साहेब, सहाशे म्हणजे सहाशेच.” ते तसे नाही. युरोपीय मोजणीनुसार सुट्या पावडरीच्या ६०० नंबरचा सरासरी कण सुमारे ९ मायक्रॉनचा असतो, तर ‘पी ६००’ असा छाप असलेल्या पेपरचा कण सुमारे २६ मायक्रॉनचा. अमेरिकी मोजणीच्या पेपरवर ६०० म्हणजे सुमारे १६ मायक्रॉन. म्हणजे एकाच आकड्यामागे जवळजवळ तिप्पट फरक लपलेला आहे.

याचा परिणाम असा होतो की, एखादा हौशी कारागीर ६०० च्या पावडरीनंतर ‘पुढचा’ म्हणून पी ८०० चा पेपर घेतो. त्याचा कण सुमारे २२ मायक्रॉनचा आहे, म्हणजे तो पुढे न जाता मागे गेला आहे, आणि त्याने गोळ्यावर आधीपेक्षा खोल चरे पाडले आहेत. तेथून पी १००० वर जाऊन तो थेट पॉलिशला लागतो, जेव्हा पी १००० म्हणजे १८ मायक्रॉन, जवळजवळ ४०० च्या सुट्या पावडरीइतके. इतक्या जाड चऱ्यांवरून पॉलिशची पावडर फिरली की चऱ्यांचे माथे तेवढे चमकतात आणि तळ तसेच राहतात. समोरून पाहिले असता हाच तो एकसारखा दुधाळ पडदा होय. सुट्या पावडरीच्या ६०० ची बरोबरी करायची असेल तर पी २५०० च्या पेपरपर्यंत जावे लागते.

म्हणून पाकिटावरचा नंबर न पाहता मायक्रॉन पाहावेत आणि ते पाकिटावर पेनाने लिहून ठेवावेत. सुमारे ५० मिलिमीटरच्या कॅल्साइटच्या गोळ्यासाठी मला पटलेला क्रम असा आहे: आकार देण्यासाठी २२० ची सुटी पावडर, तिच्यानंतर ४०० ची, मग पेपरवर पी १२००, पी २००० आणि पी २५००, त्यानंतर चामड्यावर ३ मायक्रॉनची ॲल्युमिना आणि अखेरीस ०.३ मायक्रॉनची ॲल्युमिना किंवा टिन ऑक्साइड. मधला ३ मायक्रॉनचा टप्पा अनेक जण गाळतात. कठीण दगडात ते खपून जाते. येथे खपत नाही. मार्बलचे काम करणारे वापरतात ते हिऱ्याचे लवचीक पॅडही कापून वापरता येतात, मात्र त्यांवरचे नंबर पेपरच्या नंबरांशी जुळत नाहीत, त्यामुळे दोहोंची सरमिसळ करू नये. एकतर पूर्ण क्रम पॅडवर करावा, नाहीतर पूर्ण पेपरवर.

एकसारख्या पडद्याचे दुसरे कारण नंबरात नसून खोलीत असते. प्रत्येक जाड कण दिसणाऱ्या चऱ्याखाली न दिसणाऱ्या भेगा सोडून जातो आणि कॅल्साइटमध्ये त्या पाटनाच्या दिशेने आणखी आत उतरतात. २२० च्या टप्प्यानंतर वरवरचे चरे नाहीसे झाले की लोक ४०० चे काम संपले असे मानतात, पण खालच्या भेगा पुढे पी २००० च्या पेपरने उघड्या पडतात आणि मग ‘आधी नव्हते, आता कोठून आले’ असे वाटते. यावर व्हर्नियर हाच उपाय आहे. प्रत्येक टप्प्याच्या आधी आणि नंतर व्यास मोजावा. २२० चा कण सुमारे ६० मायक्रॉनचा आहे, तेव्हा ४०० च्या टप्प्यात व्यास किमान ०.२ मिलिमीटरने कमी झाल्याशिवाय पुढे जाऊ नये, असा नियम मी पाळतो. पुढच्या टप्प्यांत हा आकडा त्या त्या प्रमाणात घटत जातो. पेन्सिलच्या रेघा मारून त्या पुसल्या जाईपर्यंत घासण्याची पद्धत गोळ्याचा प्रत्येक भाग कपाखाली आला की नाही हे सांगते, किती थर गेला हे सांगत नाही. दोन्ही तपासण्या वेगवेगळ्या कामाच्या आहेत.

मधूनच उमटणारे सुटे चरे

सगळा गोळा चमकत असताना दोन-चार लांब, वळणदार चरे दिसले, आणि घासून काढले तरी पुढच्या खेपेस वेगळ्या जागी पुन्हा आले, तर कोठून तरी परका कण शिरतो आहे. पहिला संशय आधीच्या टप्प्याच्या पावडरीवर घ्यावा. ती गोळ्याच्या भेगांत, कपाच्या चिकटपट्टीच्या फटीत, नखांखाली आणि शर्टाच्या बाहीवर राहते. प्रत्येक टप्प्याला वेगळा कप, वेगळा ब्रश आणि वेगळे कापड ठेवणे अपरिहार्य आहे. एकदा जाड कण शिरलेला नमदा धुऊन पुन्हा वापरण्याचा मोह आवरावा; तो फेकून द्यावा. भेगांमधली पावडर काढण्यासाठी मऊ टूथब्रश आणि साबणाचे पाणी पुरेसे आहे. चष्मे किंवा दागिने धुण्याच्या अल्ट्रासॉनिक यंत्रात कॅल्साइट किंवा फ्लोराइट टाकू नये, कारण त्या कंपनांनी पाटनाच्या भेगा वाढतात.

ही सर्व काळजी घेऊनही चरे येत राहिले तर मुंबईकरांनी हवेकडे आणि पाण्याकडे वळावे. आपल्यापैकी बहुतेकांची कार्यशाळा म्हणजे बाल्कनी किंवा खिडकीच्या ग्रिलमधली जागा, आणि जवळपास एखादी तरी इमारत पाडली किंवा बांधली जात असतेच. बांधकामाच्या धुळीत नदीच्या वाळूतले क्वार्ट्झ असते, ज्याची कठिनता ७ आहे. क्रश सँड वापरली असेल तर ती बेसाल्टची चुरी असते आणि तिच्यातली फेल्डस्पार व पायरॉक्सीन ही खनिजेही ५ ते ६ च्या घरात जातात. अकीकावर ही धूळ निरुपद्रवी आहे, कॅल्साइटवर ती चक्क अपघर्षक आहे. पॉलिशचा कप आणि चामडे उघडे ठेवले तर दुसऱ्या दिवशी त्यावर आपली पावडर आणि शेजारच्या बांधकामाची वाळू यांचे मिश्रण असते. शेवटच्या दोन टप्प्यांचे साहित्य झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि ते टप्पे खिडकी बंद करून करावेत. पंखाही बंद ठेवावा. मे महिन्यात हे सांगणे क्रूरपणाचे आहे याची मला कल्पना आहे.

महापालिकेचे पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा जलाशयांतून येते आणि वर्षातले बरेच महिने ते या कामासाठी चांगले असते. पावसाळ्याच्या सुरुवातीला मात्र नळाला गढूळपणा येतो आणि सोसायटीच्या टाकीचा तळ ढवळला गेला की बारीक गाळ थेट आपल्या कपात उतरतो. हा संशय तपासण्याची सोपी रीत आहे. पांढऱ्या ताटलीत नळाचे पाणी रात्रभर झाकून ठेवावे आणि सकाळी वरचे पाणी हलकेच ओतून द्यावे. तळाशी उरलेला गाळ कॅल्साइटच्या एखाद्या टाकाऊ तुकड्याच्या गुळगुळीत पाटनपृष्ठावर बोटाने सात-आठ वेळा चोळावा, तुकडा धुवावा आणि भिंगाखाली तिरप्या उजेडात पाहावा. मातीचा नुसता चिकट गाळ असेल तर पृष्ठ तसेच राहते. त्यात एक जरी कठीण कण असला तरी बोटाच्या दिशेने गेलेली केसासारखी रेघ स्पष्ट दिसते, आणि तीच रेघ आपल्या गोळ्यावर आपण गेले काही दिवस पाहत असतो. अशा वेळी मलमलने गाळून फारसे साधत नाही, कारण बारीक कण मलमलमधून जातात. पाणी रात्रभर निवळत ठेवून वरचे तेवढे घेणे अधिक खात्रीचे. पॉलिशच्या टप्प्याला लागते तरी किती पाणी? दिवसाला पेलाभर.

टँकरच्या किंवा बोअरवेलच्या पाण्याची गोष्ट वेगळी आहे. त्यातले क्षार गोळ्यावर थेंब वाळल्यावर पांढरे वलय सोडतात, आणि ते पॉलिशचा दोष समजून पुन्हा बफ केले जाते. शेवटची धुलाई बॅटरीसाठी मिळणाऱ्या शुद्ध पाण्याने करून गोळा लगेच पुसला की ही वलये उमटत नाहीत.

संगमरवरावरची लहरदार चमक

संगमरवर म्हणजे कॅल्साइटच्या असंख्य कणांची घट्ट वीण. प्रत्येक कणाची दिशा वेगळी आणि कॅल्साइट वेगवेगळ्या दिशांनी कमीजास्त कठीण, त्यामुळे मऊ नमद्यावर जास्त वेळ फिरवले की काही कण खाली जातात आणि काही वर राहतात. चमक येते, पण पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. येथे जास्त पॉलिश करणे म्हणजे दोष वाढवणे. पी २५०० पर्यंत मागे जाऊन, कडक चामड्यावर किंवा लाकडी कपावर कमी वेळात पॉलिश उरकावे.

मुंबईत मार्बलची फरशी घासणारे कारागीर शेवटी ऑक्झॅलिक ॲसिड वापरतात आणि गोळ्यांसाठीही ते उपयोगी आहे. टिन ऑक्साइडच्या पातळ लगद्यात चिमूटभर ऑक्झॅलिक ॲसिड मिसळून नमद्यावर थोडाच वेळ फिरवले की पृष्ठभागावरच्या कॅल्साइटशी त्याची अभिक्रिया होऊन कॅल्शियम ऑक्झलेटचा अत्यंत पातळ थर तयार होतो आणि चमक झपाट्याने वर येते. हे ॲसिड विषारी आहे, म्हणून हातमोजे आवश्यक आहेत, स्वयंपाकघरातली भांडी त्यासाठी कदापि वापरू नयेत आणि काम संपल्यावर गोळा भरपूर पाण्याने धुवावा. खालचे चरे शिल्लक असताना हा उपाय केला तर चऱ्यांवर चमकदार मुलामा बसतो आणि नंतर तो सगळा घासून काढावा लागतो.

चमक येऊन नंतर मंदावणे

विकत आणलेल्या किंवा इतरांनी केलेल्या गोळ्यांच्या बाबतीत पहिली शक्यता अशी की ती चमक मेणाची किंवा तेलाची होती. साबणाच्या कोमट पाण्याने धुतल्यावर चमक उतरली तर प्रश्न तेथेच सुटतो. पॉलिश पूर्ण झालेलेच नव्हते.

आपण स्वतः केलेल्या गोळ्यावर, मेण न लावता आलेली चमक मंदावत असेल तर आम्लाचा विचार करावा. कॅल्साइट आणि संगमरवर आम्लात विरघळतात, आणि माणसाचा घामही सौम्य आम्लधर्मी असतो. दिवाणखान्यात ठेवलेला गोळा येणारा-जाणारा प्रत्येक पाहुणा हातात घेऊन फिरवतो. मुंबईच्या दमट हवेत त्या प्रत्येक हाताचा ओलावा त्यावर राहतो आणि बोटांच्या जागी मंद ठसे पडत जातात. महिन्यातून एकदा साध्या पाण्याने पुसणे आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात देणे पुरेसे आहे. देवघरात ठेवलेल्या गोळ्यांवर आणखी एक संकट येते: पितळेच्या समया आणि निरांजने चिंचेने किंवा लिंबाने घासताना त्याच हाताने गोळाही घासला जातो. पितळ उजळते आणि संगमरवर एका मिनिटात निस्तेज होतो. घरातल्या सर्वांना हे एकदा स्पष्ट सांगून ठेवावे.

फ्लोराइटच्या बाबतीत उष्णतेकडे लक्ष द्यावे. कोरड्या बफवर गोळा गरम झाला आणि लगेच थंड पाण्यात बुडवला, तर आत नव्या भेगा पडतात आणि त्या दिव्याखाली चांदीच्या चकत्यांसारख्या दिसतात. कॅल्साइटलाही हे सोसत नाही, कारण तापल्यावर तो एका दिशेने प्रसरण पावतो आणि तिला काटकोनातल्या दिशेने किंचित आकुंचन पावतो. बफ नेहमी ओलसर असावा आणि धुण्याचे पाणी गोळ्याच्याच तापमानाचे असावे.

ज्यांना आरसा होणे नाही

जिप्सम, म्हणजे सेलेनाइट, आणि शंखजिऱ्याचे दगड यांच्याकडून कॅल्साइटसारखी झिलई मागू नये. जिप्समची कठिनता २ आहे आणि तो पाण्यात थोड्या प्रमाणात का होईना विरघळतो, लिटरमागे दोन ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे ओल्या चामड्यावर जितका वेळ फिरवावा तितका तो झिजतो आणि पडदा जसाच्या तसा राहतो. शेवटचे टप्पे पाण्याऐवजी लिक्विड पॅराफिनवर करावेत आणि पावसाळ्यात गोळा बंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. शंखजिऱ्याच्या दगडात मऊ टाल्कबरोबर कार्बोनेटचे कठीण कण मिसळलेले असतात. बफ केला की टाल्क झिजते आणि कण उंचवट्यांसारखे उभे राहतात. येथे पी २००० वर थांबावे, गोळा पूर्ण वाळवून किंचित कोमट करावा, मेण लावावे आणि सुती कापडाने हातानेच पुसावे. मिळणारी चमक रेशमी असते आणि त्या दगडाला तीच शोभते.

शंखजिऱ्याच्या आणि सर्पेंटाइनच्या काही प्रकारांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात, म्हणून हे दगड कोरडे घासू नयेत, कापतानाही पाणी चालू ठेवावे आणि बारीक धूळ अडवणारा मास्क लावावा. कामानंतरचा गाळ, मग तो कोणत्याही दगडाचा असो, मोरीत किंवा बेसिनमध्ये ओतू नये. तो पाइपच्या वळणात बसून कडक होतो आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी तक्रार घेऊन वर येतात. बादलीत दोन दिवस निवळू द्यावा, वरचे पाणी ओतून द्यावे आणि खालचा लगदा ओलसर असतानाच पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात टाकावा.